रुंद कोनाचीं भिंगें : एक तौलनिक विचार

छायाचित्रणाच्या साधनांवर मासिकाचीं पानें खर्च करावींत कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांना येईल. तंबोऱ्याच्या जवारीवर कोणीं लेख लिहिला तर ती शंका येत नाहीं; कारण जवारी बिघडली कीं गाणें बिघडतें, हें गाणें न येणाऱ्यालाही कळतें. भिंगाचें भाग्य तसें नाहीं. चित्र चांगलें निघालें तर श्रेय घेणाऱ्याला आणि वाईट निघालें तर दोष उजेडाला, अशी आपल्याकडे वांटणी ठरून गेली आहे. मधल्या कांचेचा विचार होतो तो विकत घेतांना, आणि तोही बहुधा किंमतीच्या अंगानें. त्यामुळें भिंगांविषयीं जें लिहिलें जातें तें एक तर गिऱ्हाइकासाठीं असतें किंवा भक्तासाठीं. आम्ही सध्यां गिऱ्हाईकही नाहीं आणि भक्तही नाहीं. म्हणून या विषयाकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहण्यास आम्हांस थोडा अधिकार आहे असें वाटतें.

निमित्तही तसेंच घडलें. आमच्या एका स्नेह्यांचा पुण्यांत सदाशिव पेठेंत जुना वाडा होता. तो पाडून तेथें इमारत उठणार असें ठरलें, बिऱ्हाडें एकामागून एक हललीं, आणि सामान निघण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं सर्व घर व घरांतलीं माणसें चित्रांत धरून ठेवावींत, अशी त्यांच्या मातोश्रींची इच्छा झाली. दिवस एकच मिळणार होता. चित्रें फसलीं तर पुन्हां घ्यायला वाडा उरणार नव्हता. जुन्या वाड्यांत पहिली अडचण जागेची. माजघर दोन खणांचें, जिना अंधारा, चौकाच्या एका भिंतीला पाठ लावली तरी समोरची ओटी संबंध दिसत नाहीं. रुंद कोनाच्या भिंगावांचून तेथें गत्यंतर नाहीं. आमच्याजवळ फिल्मवर चालणारा एम-२ या जातीचा एक जुना लायका आहे. त्याला बसतील अशीं चार भिंगें, दोन आमचीं आणि दोन उसनीं, टेबलावर जमा झालीं: ३५ मि.मी.चीं दोन, एल्मार व ज्युपिटर-१२; आणि २१ मि.मी.चीं दोन, सुपर-अँगुलॉन व कलर-स्कोपार. यांतलें कोणतें न्यावें यावर आम्हां तिघां मित्रांत जो वाद जुंपला, तो पंधरा दिवस मिटला नाहीं.

वादाचा मुद्दा समजण्यासाठीं कॅमेऱ्याची जात आधीं सांगितली पाहिजे. ज्या कॅमेऱ्यांत भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून वर फेंकून डोळ्याला दाखविली जाते, त्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्यें आरसा हालण्यापुरती जागा मोकळी सोडावी लागते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत आरसाच नाहीं. डोळा पाहतो तो शेजारच्या एका खिडकींतून; तींत दोन प्रतिमा दिसतात, भिंगाचें कडें फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या कीं अंतर जुळलें. त्यामुळें भिंगाला फिल्मच्या अगदीं जवळ जातां येतें. निकॉन एफ या आरशाच्या कॅमेऱ्यांत, जो १९५९ सालीं निघाला, भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मि.मी. अंतर आहे, लायकाच्या एम मालिकेंत तें २७.८ मि.मी. आहे. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण २१ मि.मी.चें भिंग साध्या रचनेनें केलें तर त्याला फिल्मपासून सुमारें तेवढ्याच अंतरावर बसायचें असतें, आणि आरसा त्याला तेथें बसूं देत नाहीं.

यांतून दोन घराणीं निर्माण झालीं. आरशाच्या कॅमेऱ्यासाठीं दुर्बिणीची रचना उलटी करून, पुढें किरणांना फांकविणारा एक मोठा कांचगट लावून, भिंगाला मागें ढकलावें लागलें. १९५० सालीं फ्रान्समध्यें पिएर आंजेन्यू यांनीं असें ३५ मि.मी.चें भिंग रेट्रोफोकस या नांवानें बाजारांत आणलें, आणि तें नांव पुढें सबंध जातीला चिकटलें. रेंजफाइंडरचें घराणें मात्र सममितीचें राहिलें. मध्यें छिद्र, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे दोन कांचगट. पुढच्या गटानें सरळ रेषेला जो बांक द्यावा, तो मागच्यानें काढून घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून या घराण्याचीं भिंगें खांबाला खांब आणि तुळईला तुळई म्हणतात. ही सममिती छायाचित्रकारांना इतकी प्रिय होती कीं, खुद्द निकॉननें १९५९ सालीं आपल्या आरशाच्या कॅमेऱ्यासाठीं २१ मि.मी.चें भिंग दिलें तें सममितच. तें बसवायचें तर आरसा वर बांधून ठेवावा लागे आणि डोळ्याला निराळी खिडकी वर लावावी लागे. आरशाचा कॅमेरा विकत घेऊन त्याचा आरसा बांधून ठेवणें म्हणजे घोडा घेऊन त्याला टांग्यांत बसविण्यासारखें आहे. पण रुंद भिंगासाठीं लोकांनीं तेंही केलें.

आतां प्रथम ३५ मि.मी.च्या जोडीकडे वळूं. लायकाचें भिंग काढून त्याजागीं दुसरें बसविण्याची सोय १९३० सालीं झाली, आणि त्याच सुमारास माक्स बेरेक यांच्या रचनेचें ३५ मि.मी.चें एल्मार निघालें. चार कांचा, तीन गट, सर्वांत मोठें छिद्र एफ ३.५, आणि आकार एवढासा कीं कॅमेऱ्यावर तें आहे कीं नाहीं हें चांचपून पाहावें. बेरेक यांनीं हात राखून काम केलें आहे. जें साधणार नाहीं तें करूं गेले नाहींत. पूर्ण उघड्या छिद्रावर एल्मारचे कोपरे लोण्यासारखे मऊ येतात, एफ ८ पर्यंत मिटल्यावर मात्र चित्र कडेपर्यंत सावरतें. तें निघालें त्या काळीं कांचेवर प्रकाश परतूं न देणारा लेप देण्याची विद्या नव्हती. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेंकडा चार या मानानें उजेड परत फिरतो, आणि तो नुसता वायां जात नाहीं, आंतल्या आंत भटकून चित्रावर धुकें पसरवितो. एल्मारला असे पृष्ठभाग सहाच आहेत, म्हणून तें त्या काळच्या मानानें स्वच्छ. तरी खिडकीसमोर धरलें कीं त्याच्या काळ्या रंगाची राख होते. आमचा एक मित्र या राखेवर लुब्ध आहे. तिच्यांत त्याला जुन्या काळचा सुगंध येतो. आम्हांला तो सुगंध भिंगाचा नसून आठवणीचा वाटतो.

एल्मारचा प्रतिस्पर्धी ड्रेस्डेनच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठीं तयार झाला. काँटॅक्स हा १९३२ सालीं लायकाशीं उघड वैर मांडून आलेला कॅमेरा. त्याच्यासाठीं लुडविग बर्टेले यांनीं त्याच दशकांत ३५ मि.मी.चें, एफ २.८ चें बायोगॉन रचलें. सहा कांचा, आणि शेवटची कांच फुगीर व मोठी, फिल्मच्या तोंडाशीं जाऊन भिडलेली. बेरेक जेथें संयमी, तेथें बर्टेले धाडसी. आरसा नाहीं म्हणजे मागची जागा आपली आहे, हें त्यांनीं जितकें पुरेपूर ओळखलें तितकें त्या वेळीं दुसऱ्या कोणीं ओळखलें असेल असें वाटत नाहीं. पण या धाडसाची किंमतही ठरलेली होती. युद्धानंतर १९५० सालीं काँटॅक्सचा नवा नमुना निघाला, त्याच्या आंतली ठेवण थोडी बदलली, आणि युद्धपूर्व बायोगॉन त्यांत शिरेना! त्याच नांवाचें भिंग पुन्हां रचावें लागलें. भिंग आणि त्याच्या मागची पेटी हीं एकाच संसारांतलीं असतात, याचा हा पहिला दाखला. पुढें याहून मोठा येणार आहे.

युद्धांत जर्मनी हरल्यावर काँटॅक्सची यंत्रसामग्री रशियानें भरपाई म्हणून नेली. कॅमेरा कीव्ह शहराच्या नांवानें निघूं लागला, आणि मूळचें बायोगॉन ज्युपिटर-१२ या नांवानें मॉस्कोजवळच्या कारखान्यांत अनेक दशकें तयार होत राहिलें. त्यांतलीं कांहीं लायकाच्या आट्यांनाही बसतील अशीं केलेलीं आहेत. आमच्याजवळचें तें यांपैकींच. त्याची मागची कांच इतकी बाहेर आलेली असते कीं तें पाठीवर उभें ठेवतां येत नाहीं. हें आम्हांला ठाऊक होतें, तरी एकदां फिल्म बदलण्याच्या घाईंत आम्हीं तें दगडी कट्ट्यावर उभें ठेवलें, आणि मागच्या कांचेवर तांदळाएवढा ओरखडा उठला. पुढच्या कांचेवरचा ओरखडा चित्रांत बहुधा दिसत नाहीं. मागची कांच फिल्मला जवळ, तिच्यावरचा ओरखडा दिसतो. आमच्या सुदैवानें तो कडेला आहे.

दोन्ही भिंगांनीं आम्हीं एकच खांब, एकच खिडकी आणि एकच माणूस, एकाच दिवशीं टिपून पाहिला. निकाल निःसंशय आहे. ज्युपिटर एफ २.८ वर जें मध्यभागीं देतें तें एल्मार एफ ५.६ वर देतें. उलट्या उजेडांत ज्युपिटरचा काळा रंग काळाच राहतो. रेषा दोघांच्याही सरळ. कडें सरकवून छिद्र लहानमोठें करण्याची सोय दोहोंतही पुढच्या तोंडावर, म्हणजे प्रत्येक वेळीं कॅमेरा उलटा धरून त्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. या बाबतींत बर्लिनपासून मॉस्कोपर्यंत कोणालाही छायाचित्रकाराची दया आलेली नाहीं. एल्मारच्या बाजूनें बोलायचें तर एवढेंच कीं तें खिशांत राहतें आणि खिडकीच्या आड येत नाहीं. प्रवासाला निघतांना हा गुण लहान नव्हे. वाड्यासाठीं तो निरुपयोगी होता. १९५८ पासून पुढें निघालेल्या ३५ मि.मी.च्या समिक्रॉन आणि समिलक्स या भिंगांवर वाटेल तितकें लिहितां येईल, व लिहिलें गेलेंही आहे. पण त्यांचा झगडा मुख्यतः उजेड किती घ्यावा यावर आहे, आमचा जागा किती घ्यावी यावर होता. म्हणून त्यांना येथेंच नमस्कार करतों.

खरी कसोटी २१ मि.मी.ची. ३५ मि.मी.चें भिंग कर्णावर सुमारें ६३ अंश पाहतें, २१ मि.मी.चें ९२ अंश. येथें निसर्गाचा एक नियम आडवा येतो. भिंगांत तिरपा शिरणारा उजेड मध्यापेक्षां कोपऱ्यांत मंद पडतो, आणि तो त्या तिरकस कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घातानें मंद पडतो. ३५ मि.मी.च्या भिंगांत कोपऱ्याचा कोन सुमारें ३२ अंश. हिशोब केला तर मध्यावर १०० असलेला उजेड कोपऱ्यांत ५२ उरतो. २१ मि.मी.च्या भिंगांत कोन ४६ अंश, आणि उजेड उरतो अवघा २३. कित्येकांची समजूत अशी कीं छिद्र मिटलें म्हणजे कोपरे उजळतात. भिंगाच्या नळीनें कापलेला उजेड तसा परत मिळतो हें खरें. नियमानें नेलेला मिळत नाहीं. या नियमाला वळसा घालण्याची युक्ति मिखाईल रुसिनोव या रशियन रचनाकारानें विमानांतून भूमापन करणाऱ्या भिंगांसाठीं काढली: दोन्ही टोकांना मोठ्या, अंतर्गोल कांचा अशा लावावयाच्या कीं तिरप्या किरणांना मधलें छिद्र फुगून मोठें दिसावें. मग चौथा घात तिसऱ्याच्या जवळ येतो, आणि कोपऱ्याला २३ च्या जागीं ३३ मिळतात. बर्टेले यांनींही स्विट्झर्लंडमध्यें भूमापनाच्या भिंगांवर काम केलें, आणि १९५४ सालीं काँटॅक्ससाठीं २१ मि.मी.चें, एफ ४.५ चें नवें बायोगॉन आलें तें याच विद्येच्या बळावर. डोंगर मोजण्यासाठीं शोधलेली कांच दिवाणखान्यांत आली ती अशी.

लायकाच्या कारखान्याजवळ याला तत्काळ उत्तर नव्हतें. शेवटीं क्रॉइत्सनाखच्या श्नायडर या कारखान्याकडून त्यांनीं सुपर-अँगुलॉन करवून घेतलें; पहिलें एफ ४ चें १९५८ सालीं, दुसरें एफ ३.४ चें १९६३ सालीं. आमच्याकडे उसनें आलेलें तें दुसरें. त्याची कीर्ति मोठी. फ्रेंच छायाचित्रकार झाँलू सिएफ यांच्या चित्रांतलें तें काळवंडत जाणारें आकाश आणि कडांकडे पळणाऱ्या रेषा ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना २१ मि.मी.चें भिंग काय करूं शकतें हें सांगावयास नको. प्रतिपक्षीं होतें कलर-स्कोपार, एफ ४ चें, जपानच्या कोसिना कारखान्यानें फोग्टलेंडर हें नांव लावून केलेलें. फोग्टलेंडर हें व्हिएन्नामध्यें १७५६ सालीं सुरू झालेलें घर. त्याचें आतां नांवच उरलें आहे. पण नांव उसनें असलें तरी कांच उसनी नाहीं.

या दोघांची परीक्षा आम्हीं वाड्यांतच, आदल्या रविवारीं केली. माजघरांत तुळया चौकटीच्या अगदीं कडेशीं येतील असा कॅमेरा लावला. सुपर-अँगुलॉनची तुळई गवंड्यानें ओळंबा सोडावा इतकी सरळ. स्कोपारची तुळई किंचित् वांकते. पण तें शोधायला आम्हांला मोठ्या छापावर पट्टी ठेवावी लागली. उलट, माजघराची एकुलती एक खिडकी चौकटींत आली तेव्हां सुपर-अँगुलॉननें तिच्याभोंवतीं दुधट वलय काढलें, आणि शेजारच्या फडताळावरचीं भांडीं त्यांत बुडालीं. स्कोपारच्या चित्रांत तीं मोजतां येतात. कोपरे दोघांचेही अंधारे, सुपर-अँगुलॉनचे अधिक. येथें आमच्या मित्रमंडळाचे दोन तट पडले. एकाचें म्हणणें, रेषा हाच वास्तूचा प्राण. वलय काय, छापतांना सांवरतां येतें. आमचें म्हणणें, पट्टी ठेवल्यावांचून न दिसणारा गुण आणि म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसणारा दोष यांत पारडें कोठें झुकावें हें स्पष्ट आहे. कीर्तीनें दिपून आम्हीं प्रथम सुपर-अँगुलॉनचा पक्ष घेतला होता, हेंही येथें कबूल करतों. मात्र जिन्याचें चित्र त्याचेंच सरस आलें. तेथें कोपऱ्यांतला अंधार जिन्याचाच अंधार वाटतो, आणि वरच्या झरोक्याचा उजेड दोनच पायऱ्यांवर येऊन थांबतो. तो दोष होता कीं गुण, यावर अजून एकमत नाहीं.

आतां तो मोठा दाखला. हीं भिंगें फिल्मसाठीं झालीं. फिल्म ही सपाट. किरण कोणत्याही कोनानें आला तरी तिला चालतो. लायकानें २००६ सालीं एम-८ आणि २००९ सालीं पूर्ण चौकटीचा एम-९ हे डिजिटल कॅमेरे काढले, आणि फिल्मच्या जागीं लक्षावधि सूक्ष्म विहिरींची एक पाटी आली. विहिरींत डोकावणारा उन्हाचा किरण सरळ असेल तर तळ गांठतो, तिरपा असेल तर कांठावरच अडतो. शिवाय पाटीवरच्या कांचेच्या थरांतून तिरपें जातांना त्याचा रंगही ढळतो. परिणाम असा झाला कीं ज्या भिंगांचा मोठेपणा फिल्मच्या निकट बसण्यांत होता, त्यांच्या चित्रांच्या कडा तांबड्या-निळसर येऊं लागल्या. बैठकीवर सहा ठिपक्यांची खूण करून कॅमेऱ्याला भिंगाची ओळख पटविण्याची आणि रंग गणितानें धुण्याची व्यवस्था झाली. २०१२ मधल्या केवळ कृष्णधवल चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यांत रंगाचा प्रश्न मिटला, अंधाराचा उरला. कोसिनाच्या १५ मि.मी.च्या हेलियारची कथा याहून बोलकी आहे. १९९९ चें हें भिंग तळहातांत लपेल एवढें. २०१५ सालीं त्याची तिसरी आवृत्ति निघाली ती किरणांना सरळ करण्यासाठीं मुद्दाम लांब केलेली, अधिक कांचांची आणि पुष्कळ जड. म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचें भिंग, आरसा असल्याप्रमाणें मागें सरकलें. स्वतः लायकाही १९८० सालींच, सुपर-अँगुलॉन सोडून २१ मि.मी.च्या एल्मारितमध्यें त्याच वाटेनें गेला होता. त्या वेळचें कारण प्रकाशमापक होतें, कारण फिल्मला भिडलेलें भिंग मापकाच्या दृष्टीआड येई.

हें सर्व ध्यानांत घेतलें म्हणजे, सुपर-अँगुलॉन कालबाह्य झालें, असें जे आज ठांसून लिहितात त्यांच्याविषयीं आश्चर्य वाटतें. भिंग होतें तसेंच आहे. त्याच्या मागची भिंत बदलली. जीं भिंगें आज श्रेष्ठ ठरतात तीं या पाटीसमोर श्रेष्ठ. उद्यां पाटी पातळ झाली तर कदाचित् जुनीं पुन्हां वर येतील. परीक्षकानें निदान आपण कोणत्या भिंतीसमोर उभे आहोंत एवढें तरी सांगावें.

पण परीक्षकांविषयीं आमची मुख्य तक्रार निराळीच आहे. ते विटांच्या भिंतीचें चित्र घेतात, छापील रेघांच्या तक्त्याचें घेतात, आणि कोपऱ्यांतल्या रेघा मोजतात. भिंत सपाट असते. फिल्मला समांतर ठेवलेली सपाट वस्तु कितीही रुंद कोनाच्या भिंगांतून आकार बदलत नाहीं. माणसाचें डोकें सपाट नसतें. रेषा सरळ ठेवणाऱ्या भिंगांत गोल वस्तु कडेकडे लांबत जाते, आणि ती किती लांबावी हें कारखाना ठरवीत नाहीं, भूमिति ठरविते: ३५ मि.मी.च्या डाव्या-उजव्या कडेला सुमारें एक अष्टमांश, २१ मि.मी.च्या कडेला जवळजवळ एक तृतीयांश. हजारांचें भिंग असो कीं लाखांचें, यांत सुटका नाहीं. किंबहुना भिंग जितकें रेषेला प्रामाणिक तितकें गालाला अप्रामाणिक. हा दोष कोणत्याही तक्त्यावर उमटत नाहीं, कारण तक्त्याला गाल नसतात.

वाड्यांत तो उमटला. ओटीवर घरचीं सतरा माणसें बसलीं होतीं, आणि स्कोपार लावून आम्ही दोन मीटरांवर उभे होतों. २१ मि.मी.चें भिंग एफ ८ वर ठेवून अंतर दोन मीटर लावलें कीं सुमारें एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येतें; काम सोपें, म्हणून हात सैल पडतो. छाप निघाले तेव्हां मधलीं माणसें जशींच्या तशीं, आणि उजव्या टोकाला बसलेल्या धाकट्या काकूंचें तोंड आडवें ताणलेलें. त्या मुळांत अगदीं किडकिडीत. चित्र पाहून त्यांनीं तें न बोलतां उलटें ठेवलें, तें आम्हांला अजून बोचतें. नशिबानें त्याच सकाळीं सावधगिरी म्हणून आम्हीं ज्युपिटर लावून, चौक ओलांडून, समोरच्या पडवीच्या दारांतून दुसरें चित्र घेतलें होतें. त्यांत ओटीचीं टोकें सुटलीं आहेत, पण काकू काकूंसारख्या आहेत. घरच्यांनीं भिंतीवर लावलें तें हें दुसरें.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गॅरी विनोग्रँड यांनीं आयुष्याचा मोठा भाग २८ मि.मी.च्या भिंगावर काढला. ३५ आणि २१ यांच्यामधली ही पायरी त्यांनीं कां धरून ठेवली, हें आम्हांला काकूंच्या चित्रानंतर समजूं लागलें. माणसांच्या इतकें जवळ जावें कीं त्यांच्यांत आपण आहोंत असें वाटावें, आणि इतकें जवळ जाऊं नये कीं कडेचा मनुष्य विद्रूप व्हावा. ही मर्यादा त्या भिंगांत बहुधा सांपडते. आमच्या टेबलावर तें नव्हतें.

तेव्हां आमचा निर्णय असा: रिकाम्या खोल्यांना स्कोपार, माणसांना ज्युपिटर, जिन्याला सुपर-अँगुलॉन; एल्मार आम्हीं त्या दिवशीं घरींच ठेवलें. ज्याला एकच घेणें परवडतें त्यानें २१ च्या मोहांत न पडतां ३५ चें घ्यावें.

एक गोष्ट मात्र कोणत्याच भिंगाच्या माथीं मारतां येत नाहीं. २१ मि.मी.चें भिंग लावलें कीं लायकाची अंगची खिडकी अपुरी पडते, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर दुसरी खिडकी बसवावी लागते. ही खिडकी भिंगाच्या पांच-सहा सेंटिमीटर वर असते. लांबच्या वस्तूला हा फरक नगण्य. हातभर अंतरावर मात्र जें वरच्या कडेला डोळ्याला दिसतें तें फिल्मला दिसत नाहीं. देवघर इतकें लहान कीं आम्हांला देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावरच उभें राहावें लागलें. खिडकींत सर्व होतें: देव, समई, कोनाडा, आणि त्याच्या वरच्या लांकडी पट्टीवर कोरलेला वाडा बांधल्याचा शक. छापांत पट्टीचा खालचा कांठ आहे, आंकडे नाहींत. आम्हीं तें पाहिलें तेव्हां वाड्याचें लांकूड जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेलें होतें. मातोश्रींना आंकडा तोंडपाठ होता. त्यांनीं सांगितला तो आम्हीं छापाच्या पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवला आहे: शके १७९२.